एमआरसीपी : पाटीवरच्या चार अक्षरांचा इतिहास

परभणी असो, नांदेड असो की मिरज, जुन्या दवाखान्यांच्या गल्लीत एखादी तरी रंग उडालेली पाटी अजून दिसते. डॉक्टरांच्या नावापुढे एमबीबीएस, मग एमआरसीपी किंवा एफआरसीएस, आणि शेवटी लंडन किंवा एडिनबरो. या अक्षरांचा अर्थ गल्लीतल्या कुणाला माहीत नसायचा, पण वजन सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घरी अशा डॉक्टरांचा उल्लेख निघाला की अब्बा म्हणायचे, "विलायत से पढ़के आयेला डॉक्टर है वो." त्यापुढे बोलणं संपायचं.

आज त्या पाट्या कमी झाल्या आहेत, पण तिकडे जाणारी मुलं-मुली वाढल्या आहेत. मी स्वतः एमआरसीपी केली, काही वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या एका इस्पितळात काम केलं आणि परत येऊन इथे दवाखाना टाकला. त्यामुळे मराठवाड्यातून, कोकणातून, मालेगाव-भिवंडीकडून तरुण डॉक्टरांचे फोन येत असतात. "सर, कुठलं पुस्तक वाचू? फी किती? सेंटर कुठलं घेऊ?" बहुतेक जण आपल्या घराण्यातले पहिलेच डॉक्टर असतात, आणि फीसाठी कुणीतरी दागिने मोडलेले किंवा प्लॉट विकलेला असतो. या प्रश्नांची उत्तरं मी देतोच. पण ही परीक्षा कुणी, कुणासाठी आणि का सुरू केली, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. नापास झालेला मुलगा जेव्हा "आपल्याच नशिबात नव्हतं" म्हणतो, तेव्हा मला वाटतं की अभ्यासाच्या पुस्तकांबरोबर हा इतिहासही त्याच्या हातात असायला हवा होता. म्हणून हा लेख.

जिथे वर्ग भरत नाहीत असं कॉलेज

आपल्याकडे कॉलेज म्हटलं की वर्ग, होस्टेल, प्रवेशयादी डोळ्यांसमोर येते. रॉयल कॉलेज तसं नाही. ती मुळात त्या पेशातल्या लोकांची पंचायत आहे. एडिनबरोच्या शल्यचिकित्सकांची संघटना १५०५ सालची, आणि ती न्हाव्यांची व शल्यचिकित्सकांची एकत्र होती. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स १५१८ साली आठव्या हेन्रीच्या सनदेने स्थापन झालं. लंडन शहरात आणि भोवतालच्या सात मैलांत वैद्यकी कुणी करायची, हे ठरवण्याचा अधिकार त्याला मिळाला. म्हणजे शिकवणं हे कॉलेजचं पहिलं काम नव्हतंच. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे पहिलं काम होतं.

बाहेर कोण राहिलं, हेही पाहण्यासारखं आहे. लंडनच्या कॉलेजचा फेलो व्हायचं तर शतकानुशतकं ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची पदवी लागायची. आणि तिथे अँग्लिकन चर्चवरची निष्ठा मान्य केल्याशिवाय पदवी मिळत नसे. कॅथलिक, ज्यू आणि वेगळ्या पंथाचे ख्रिस्ती कितीही हुशार असले तरी दाराबाहेर. ते एडिनबरोला जात, परदेशात जात. परीक्षेआधी श्रद्धा तपासण्याची ही पद्धत इंग्रजांनी आधी आपल्याच माणसांवर वापरली होती.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र बदललं. १८४३ साली लंडनच्या सर्जन्स कॉलेजने फेलोशिप सुरू केली, तीच एफआरसीएस. १८५८ च्या मेडिकल अ‍ॅक्टने जनरल मेडिकल कौन्सिल आणि डॉक्टरांचं राष्ट्रीय रजिस्टर आलं. पुढच्याच वर्षी फिजिशियन्सच्या मेंबरशिपची परीक्षा सुरू झाली, तीच एमआरसीपी. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. रजिस्टरमध्ये नाव असेल तरच रुग्ण तपासता येतो. कॉलेजची मेंबरशिप असेल तर त्या पेशात वर चढता येतं. म्हणजे एकामागे एक अशी दोन दारं आहेत. पुढचा सगळा इतिहास या दोन दारांचा आहे.

पहिले हिंदी उमेदवार

१८४५ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजचे चार विद्यार्थी लंडनला गेले. द्वारकानाथ टागोरांनी त्यांतल्या काहींचा खर्च उचलला होता. त्या चौघांतले सूर्यकुमार चक्रवर्ती लंडनचे एमडी झाले. १८५५ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसची भरती स्पर्धा परीक्षेने सुरू झाली आणि त्या परीक्षेतून आत जाणारे ते पहिले हिंदी ठरले. कागदावर परीक्षा सर्वांना खुली होती. पण ती व्हायची फक्त लंडनमध्ये. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या हुशार मुलाला बोटीचं भाडं आणि तिथल्या मुक्कामाचा खर्च परवडला, तरच तो खुलेपणा त्याच्या कामाचा. हिंदुस्थानात नोकरी करायची, हिंदुस्थानच्या तिजोरीतून पगार घ्यायचा, पण परीक्षा द्यायची टेम्सकाठी.

बायकांना तर कागदावरही परवानगी नव्हती. मुंबईच्या रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या. बालपणी लावलेल्या लग्नाला नकार देऊन कोर्टात उभी राहिलेली ही बाई. पण लंडनची रॉयल कॉलेजं तेव्हा स्त्रियांना परीक्षेला बसूच देत नव्हती; ती दारं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर उघडली. रखमाबाईंनी स्कॉटलंडच्या कॉलेजांची परीक्षा दिली, १८९४ साली ब्रसेल्सहून एमडी मिळवली आणि परत येऊन सुरत व राजकोटला आयुष्यभर काम केलं. त्यांच्या एक वर्ष आधी कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलींनीही हाच स्कॉटिश मार्ग धरला होता. लंडनने दार लावलं की एडिनबरोला जायचं, हा रस्ता ऑक्सफर्डने नाकारलेल्या ख्रिस्ती पंथीयांनी पाडला होता आणि पुढे तो आपल्या बायकांच्या उपयोगी पडला.

मुस्लिम वाचकांना डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हे नाव माहीत असतं ते १९२७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आणि जामियाच्या संस्थापकांपैकी एक म्हणून. पण त्याआधी ते अव्वल दर्जाचे शल्यचिकित्सक होते. मद्रासला शिकून ते शिष्यवृत्तीवर ब्रिटनला गेले, तिथे एमडी आणि एमएस झाले, लंडनच्या लॉक हॉस्पिटलमध्ये आणि चेरिंग क्रॉसमध्ये त्यांनी काम केलं. विलायतेत मोठी प्रॅक्टिस करता आली असती. ते परत आले आणि १९१२ मध्ये बाल्कन युद्धातल्या जखमी तुर्की सैनिकांसाठी वैद्यकीय पथक घेऊन गेले. विलायती पदवी आणि विलायती सत्तेला केलेला विरोध या दोन गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, हे अन्सारींकडे पाहून कळतं.

एका नकारातून जन्मलेली संस्था

१९३० साली जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदुस्थानी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. कारण दिलं ते बाळंतपणाच्या शिक्षणाचं. विद्यार्थ्यांना पुरेशी बाळंतपणं हाताळायला मिळत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. त्या म्हणण्यात काही तथ्य होतंही, कारण आपल्याकडे बाळंतपणं घरात, सुईणीच्या हातून व्हायची. पण आमच्या विद्यापीठांचा दर्जा लंडनमध्ये बसून कुणी ठरवायचा, हा प्रश्न इथल्या डॉक्टरांनी लावून धरला. त्यातून १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल अ‍ॅक्ट आला आणि पुढच्या वर्षी आपली स्वतःची कौन्सिल उभी राहिली. नकार मिळाल्यावर घरची व्यवस्था सुधारायची आणि नकार देणाऱ्याच्या अधिकारालाही प्रश्न विचारायचा, या दोन्ही गोष्टी त्या पिढीने एकाच वेळी केल्या.

हात हवे होते

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली. उपचार सर्वांना मोफत झाले, इस्पितळांत गर्दी वाढली. अशा वेळी १९५७ साली विलिंक समितीने सांगितलं की देशाला पुढे इतके डॉक्टर लागणार नाहीत, विद्यार्थी सुमारे १० टक्क्यांनी कमी करा. अंदाज साफ चुकला. त्यातच ब्रिटनचे स्वतःचे डॉक्टर कॅनडा-ऑस्ट्रेलियाला निघाले होते. ही पोकळी भारत, पाकिस्तान आणि सिलोनच्या डॉक्टरांनी भरली. १९६१ साली लॉर्ड कोहेन यांनी हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये स्पष्ट सांगितलं की भारत-पाकिस्तानातून आलेले कनिष्ठ डॉक्टर नसते तर ही सेवा कोसळली असती.

आपले डॉक्टर तिकडे कशासाठी गेले? बहुतेकांच्या मनात हिशेब सोपा होता. दोन-तीन वर्षं राहायचं, एमआरसीपी किंवा एफआरसीएस करायची आणि परत येऊन पाटी लावायची. ब्रिटनला हात हवे होते, यांना अक्षरं हवी होती. सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या, दर वेळी नवं गाव, रात्रपाळी संपवून पहाटेचा अभ्यास. मोठ्या शिक्षण-इस्पितळांतल्या जागा स्थानिकांना जात. आपल्यांच्या वाट्याला लहान गावातली इस्पितळं, म्हाताऱ्यांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं येत. परीक्षा पास होऊनही अनेकांना कन्सल्टंटची खुर्ची मिळाली नाही. मग कुणी वृद्धरोगतज्ज्ञ झालं, कुणी वेल्सच्या कोळसा खाणींच्या खोऱ्यांत आणि उत्तरेच्या गिरणी-गावांत जनरल प्रॅक्टिस धरली. वेल्सच्या अशाच एका खाण-खेड्यात काम करणाऱ्या ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ साली एक नियम मांडला: जिथे आजार जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी. तो नियम थोडाफार मोडला तो याच डॉक्टरांनी, कारण दुसरं कुणी तिथे यायला तयार नव्हतं.

१९७५ साली पहिल्या दाराला पुन्हा कुलूप लागलं. जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढली आणि परदेशी डॉक्टरांसाठी भाषा व वैद्यकीय ज्ञानाची चाचणी आणली. तिचंच पुढचं रूप म्हणजे आजची प्लॅब. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ओव्हरसीज डॉक्टर्स असोसिएशन स्थापन झाली. एकेकट्याने सोसलेल्या गोष्टी आता संघटनेच्या कागदावर येऊ लागल्या.

परीक्षेच्या आत काय असतं

एमआरसीपीचे आज तीन टप्पे आहेत. पहिले दोन लेखी. त्यांत हुशारी आणि घोकंपट्टी दोन्ही चालतात, आणि त्यांत आपली मुलं मागे नसतात. तिसरा टप्पा पेसेस. २००१ पासून सुरू झालेल्या या परीक्षेत खरे रुग्ण आणि रुग्णाची भूमिका करणारी माणसं समोर असतात. मी दिली तेव्हा २०-२० मिनिटांची पाच स्टेशनं होती. घंटा वाजली की पुढच्या खोलीत जायचं. प्रत्येक ठिकाणी दोन परीक्षक, आणि दोघे एकमेकांना न विचारता गुण देतात. जुन्या पद्धतीत परीक्षकाच्या मर्जीला बराच वाव होता. त्या मानाने ही सुधारणा मोठी आहे.

अवघड होतं ते चौथं स्टेशन, संवाद आणि नीतीचं. त्यात येतं ते असं: रुग्णाला कॅन्सर निघाला आहे आणि त्याचा मुलगा म्हणतोय, "डॉक्टर, वडिलांना सांगू नका." आपल्याकडे डॉक्टर काय करतो? मुलाला बाजूला घेतो, त्याला सगळं सांगतो आणि रुग्णाला "काही नाही, बरे व्हाल" म्हणतो. यात क्रूरपणा नसतो. घर एकत्र दुःख झेलतं, अशी आपली समजूत असते. त्या परीक्षेत मात्र रुग्णाची माहिती रुग्णाची, त्याला विचारल्याशिवाय मुलालाही सांगायची नाही. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या समाजात वाढल्याने येतं. तिथे वाढलेल्या उमेदवाराला ते शिकावं लागत नाही.

भाषेचंही तसंच. उर्दू शाळेत शिकलेला, मराठीत बाजारहाट करणारा, बारावीत इंग्रजीशी झुंजलेला मुलगा जेव्हा हळहळ व्यक्त करतो, तेव्हा ती त्याच्या चेहऱ्यावर असते, गळ्यात असते. परीक्षकाला ती ठरावीक इंग्रजी वाक्यांत ऐकायची असते. यॉर्कशरची म्हातारी तिच्या बोलीत दुखणं सांगते तेव्हा शब्दकोश कामाला येत नाही.

तरीही ही परीक्षा निव्वळ गोऱ्यांची रीत म्हणून झटकून टाकायला मी तयार नाही. माझ्या ओपीडीत एखादी बाई बुरख्यात येते, शेजारी नवरा बसतो आणि तिच्या पोटातल्या दुखण्याचं वर्णन तोच करतो. मी म्हणतो, "भाई, जरा बाहेर बसा. खाला, आता तुम्ही सांगा." नर्स आत थांबते, दार अर्धं उघडं असतं. मग खाला बोलायला लागते, आणि पुष्कळदा दुखणं नवऱ्याने सांगितलं त्यापेक्षा वेगळंच निघतं. ही सवय मला चौथ्या स्टेशनने लावली. तिच्यावर लंडनचा शिक्का आहे म्हणून ती परकी होत नाही. आपल्या बायकांना त्यांच्याच शरीराबद्दल विचारलं जात नाही, ही आपली अडचण आहे, आणि ती आपल्यालाच सोडवायची आहे.

पास होऊन थांबले नाहीत

मग अन्याय कुठे होता? काही डॉक्टरांनी याचं उत्तर पुराव्यानिशी शोधलं. १९९३ साली अनीस इस्माइल आणि सॅम एव्हरिंग्टन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास छापला. सारखीच पात्रता असलेले अर्ज त्यांनी इस्पितळांत पाठवले. निम्म्यांवर इंग्रजी नाव, निम्म्यांवर आशियाई. इंग्रजी नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता दुप्पट निघाली. अर्ज बनावट होते म्हणून या दोघांनाच पोलिसांच्या चौकशीला तोंड द्यावं लागलं.

२००६ मध्ये सरकारने परदेशी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचे नियम अचानक बदलले. प्लॅब पास झालेले शेकडो भारतीय डॉक्टर बेकार झाले. लंडनच्या ईस्ट हॅम भागात ते मंदिरातल्या मोफत जेवणावर दिवस काढत असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना बापिओ कोर्टात गेली. २००८ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने सरकारची ती सूचना बेकायदा ठरवली.

पुढचा लढा थेट परीक्षेवर होता. जनरल प्रॅक्टिशनर्सच्या कॉलेजची एमआरसीजीपी ही परीक्षा आहे. तिच्या प्रात्यक्षिक भागाचे निकाल २०१३ साली इस्माइल आणि ख्रिस रॉबर्ट्स यांनी तपासले. पहिल्या प्रयत्नात नापास होण्याची शक्यता गोऱ्या ब्रिटिश पदवीधरांच्या तुलनेत परदेशी पदवीधरांत १४ पटींहून अधिक होती. परदेशी शिक्षण आणि भाषा यांमुळे हे होतं, असं म्हणावं तर ब्रिटनमध्येच शिकून डॉक्टर झालेल्या काळ्या आणि आशियाई मुलांतही ती साडेतीन पट होती. त्यांची भाषा तर इंग्रजीच होती.

बापिओ पुन्हा कोर्टात गेली. एप्रिल २०१४ मध्ये निकाल विरुद्ध लागला. परीक्षा कायदेशीर आहे, असं न्यायाधीश मिटिंग यांनी ठरवलं. पण संघटनेने हा प्रश्न प्रामाणिकपणे आणि लोकहितासाठी आणला, हेही त्यांनी नोंदवलं. खटला हरला, तरी निकालांतली तफावत झाकून ठेवणं यापुढे कॉलेजला शक्य राहिलं नाही. त्या परीक्षेचं रूप आज बदललेलं आहे.

मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये कोविडने मरण पावलेल्या पहिल्या डॉक्टरांची नावं आली: हबीब झैदी, आदिल अल तय्यार, अमजद अल हवरानी, अल्फा सआदू. एकाचं मूळ पाकिस्तानात, दोघांचं सुदानमध्ये, एकाचं नायजेरियात. चौघेही मुस्लिम. त्या आठवड्यात तिथल्या वर्तमानपत्रांना अचानक आठवलं की आपली इस्पितळं कोण चालवतं.

आता पुन्हा वारं फिरलं आहे. २०२५ च्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत ब्रिटिश सरकारने विशेष प्रशिक्षणाच्या जागांसाठी आपल्या पदवीधरांना प्राधान्य द्यायचं ठरवलं. आपल्या मुलांना आधी जागा देण्याचा हक्क कुठल्याही देशाला आहे. पण प्लॅबसाठी कर्ज काढणाऱ्या परभणीच्या मुलीने हे आधी वाचलेलं असावं. पास होणं आणि नोकरी मिळणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर तिकडची गरज ठरवते. १९६१ मध्ये हात हवे होते तेव्हा दार सताड उघडं होतं. १९७५ मध्ये ते लोटलं गेलं. पुढेही असंच होत राहील.

फोन करणाऱ्या तरुणांना म्हणूनच मी आता पुस्तकांच्या यादीबरोबर हेही सांगतो. नापास झालात तर आधी गुणपत्रिका घेऊन बसा. कुठल्या स्टेशनला गुण गेले ते पाहा आणि त्यावर मेहनत करा. तालमीला पर्याय नाही. पण सगळा दोष नशिबाच्या किंवा स्वतःच्या माथी मारू नका, आणि सगळा दोष गोऱ्यांच्या माथीही मारू नका. इस्माइल आधी त्याच पेशात पाय रोवून उभे राहिले, मग त्यांनी त्या पेशाच्या परीक्षेचे आकडे मोजले. आपल्या समाजात मेहनतीचं कौतुक करणारे भेटतात, तक्रार करणारेही भेटतात. आकडे गोळा करून, संघटना बांधून, शांतपणे कोर्टात उभे राहणारे कमी आहेत. डॉक्टर मुलांनी ते शिकावं. पाटीवर आणखी चार अक्षरं आली नाहीत तरी ते शिक्षण इथेही लागणारच आहे.